दाईमायकडून काय शिकायचं अन् त्यातून आपलं काही कसं घडवायचं

लिहायचंय, चित्र काढायचंय, गाणं बांधायचंय पण विषयच सुचत नाही असं म्हणणाऱ्या पोरी मला सतत भेटतात, अन् त्यातल्या कितीतरी जणींच्या गावात, कधी तर त्यांच्याच बोळीत, एक अशी म्हातारी असते जिनं निम्मं गाव आपल्या हातावर झेललेलं असतं. ती ओसरीत बसून तूर पाखडत असते अन् आपण विषय शोधत मोबाईल चाळून राहिलो असतो. हे गाईड त्या पोरींसाठी आहे, बायांसाठी आहे, अन् ज्यांना शांत बसून ऐकता येतं अशा पोरांसाठीपण आहे. दाईकडे, सुईणीकडे, आपल्या माय-आजीकडे जे आहे ते कसं विचारायचं, कसं जपायचं अन् त्यातून कविता, गोधडी, पाळणा, नाटुकलं जे जमेल ते कसं करायचं, ते सांगते.

घाई काहून करायची तेही सांगते. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, त्यानंतर गावोगावी आशाताई आल्या, मंग 102 अन् 108 च्या गाड्या आल्या, अन् बाळंतपणं हळूहळू दवाखान्यात गेली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली नव्वदच्या वर बाळंतपणं दवाखान्यातली निघाली. हे चांगलंच झालं. पण याचा अर्थ असा की जी बाई दाईचं काम खऱ्या अर्थानं करत होती ती आता सत्तरीच्या पुढं आहे, अन् तिच्या हाताखाली नवीन कोणी शिकलेलं नाही. तिनं कधी काही लिहून ठेवलं नाही. तिच्यासोबत ते सगळं जाणार आहे, म्हणून या उन्हाळ्यातच जा.

पहिले एक गोष्ट क्लिअर करून घ्या

आपण दाईच्या कामाची रीत शिकायला चाललो आहोत, बाळंतपण करायला नाही. घरी पोटुशी बाई असेल तर तपासण्या वेळेवर, बाळंतपण दवाखान्यात, अन् कळा सुरू झाल्या की 102 किंवा 108 ला फोन, यात काहीच मागंपुढं करू नका. जुन्या रिवाजात वाईट गोष्टीपण होत्या. पहिला चिक पिळून फेकून द्यायचे, नाळेच्या देठावर राख नाहीतर शेण लावायचे, अन् नाळ कापायला जे धारेचं हाती येईल ते, कुठं विळा, कुठं जुनं ब्लेड, जंगलभागात बांबूची कमटी. त्यातून धनुर्वातानं किती लेकरं गेली असतील. लसी अन् स्वच्छ बाळंतपणं वाढली तेव्हा कुठं 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या देशातून बाळंतिणीचा अन् नवजात बाळाचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं मान्य केलं. तुम्ही जेव्हा दाईवर काही लिहाल तेव्हा हेही लिहा. नुसती आरती ओवाळणारं लेखन तिलाच आवडत नाही, कारण गेलेली लेकरं तिला आठवतात.

अन् दुसऱ्या बाजूनं हेही बघा की जे तिला अनुभवानं माहीत होतं त्यातलं काही काही आता मोठी मोठी माणसं कागदावर सांगून राहिली आहेत. बाळ झाल्या झाल्या नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, अन् आपल्याकडच्या कितीतरी दाया वार पडेपर्यंत नाळेला हातच लावत नव्हत्या. बाईनं आपल्याला सोयीचं पडेल तसं बसावं, उकिडवं, उभं, टेकून, हेही त्याच संघटनेच्या 2018 च्या शिफारशींमध्ये आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारनं मिडवाइफरीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, म्हणजे शिकलेल्या नर्सनं दाईसारखं बाईसोबत राहून बाळंतपण करावं यासाठी. आपल्याच विदर्भातलं उदाहरण द्यायचं तर गडचिरोलीत डॉ. अभय अन् राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, अन् त्या गावांमध्ये नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, ते 1999 मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आलं. नंतर देशभरच्या आशाताई बाळ झाल्यावर घरी भेटी द्यायला लागल्या त्याचं मूळ तिथं आहे. गावातल्या बाईच्या हातावर भरवसा ठेवला अन् तिला तराजू, थर्मामीटर दिला की काय होतं ते यात दिसतं.

कोणाकडे जायचं

आपल्या गावात कोण होती ते पन्नाशीच्या पुढच्या कोणत्याही बाईला विचारा, नाव एका मिनिटात निघते. पण मंग एक गोष्ट होते, अन् ती तुम्हाला आधीच माहीत पाहिजे. बऱ्याच गावांत नाळ कापायचं, वार पुरायचं, बाळंतिणीचे कपडे धुवायचं काम खालची मानलेल्या जातीच्या बाईकडे दिलेलं होतं. लेकरू तिच्या हातात जन्मलं, पण सव्वा महिन्यानंतर त्याच घरात तिला ओसरीच्या आत येऊ देत नव्हते. मिळायचं काय, तर पायलीभर ज्वारी, एखादं लुगडं, खण, कधी नारळ. काही घरांतून तेही नाही. त्यामुळं तुम्ही जर त्या घरातल्या पोरी असाल ज्या घरानं तिला बाहेर बसवलं, तर वही घेऊन गेल्या गेल्या 'आजी तुमचं ज्ञान लय मोठं' असं सुरू करू नका. आधी तिच्या घरी बसा, तिच्या घरचा चहा प्या, पाणी प्या. ती तेवढं बरोबर पाहते.

मेळघाटात कोरकू गावात किंवा गडचिरोलीकडे माडिया-गोंड गावात जात असाल तर सोबत त्या भाषेची बाई पाहिजेच. कोरकू ही मराठीची बोली नाहीच, ती मुंडा कुळातली वेगळीच भाषा आहे, अन् तुटक्यामुटक्या हिंदीत विचारलं तर उत्तरपण तुटकंमुटकंच येणार. जी बाई दुभाषी म्हणून बसेल तिचं नावपण तुमच्या कामावर यायला पाहिजे, तिनं अर्धं काम केलेलं असतं.

घरात दाई नसली तरी आजी आहे, मावशी आहे, मोठी आई आहे. शेगडी-शेक कसा द्यायचा, धुरीत ओवा किती अन् बाळंतशेपा किती, डिंकाचे लाडू कोणत्या महिन्यात, बाळाला न्हाऊ घालताना पायावर कसं घ्यायचं, हे सगळं बायांकडून बायांकडेच आलेलं आहे. यातला औषधाचा भाग जसाच्या तसा वापरायचा नाही, सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय गुटीबिटी काही द्यायची नसते, आशाताई सांगते तेच ऐकायचं. पण सहाणेवर एकेका मुळीचे वेढे मोजून घेणारी आजी, मुरुडशेंगेचे किती, वेखंडाचा एकच, मायफळाचे किती, तिच्या बोटांकडे एकदा लक्ष देऊन पाहा. वजनकाटा नसताना तिनं मोजायची आपली एक पद्धत बसवली होती.

कधी जायचं

निंदणाच्या दिवसांत जाऊ नका, सोयाबीन सोंगणीत नको, कापूस वेचणीत तर नकोच, तेव्हा तिला मरायलाही टाइम नसतो. जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोह वेचायला जातात म्हणून तिकडे दुपारनंतर जा. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे उन्हाळ्यात शेवया, कुरड्या, सरगुंडे करायला चार बाया एका ओसरीत बसतात ते. हातात काम असलं की तोंड मोकळं होतं, अन् चौघी असल्या की एक विसरली ते दुसरी सांगते, तिसरी म्हणते 'नाही वं, ते तसं नोहोतं', अन् त्या भांडणातून खरी गोष्ट बाहेर येते. तुम्हीपण शेवया वळायला बसा. नुसतं समोर बसून फोन धरला की त्या पाहुण्यांशी बोलतात तसं बोलतात.

काय विचारायचं

'तुमचा अनुभव सांगा' असं म्हणू नका. त्याचं उत्तर एकच येतं, 'काय सांगू माय, देवानं करून घेतलं.' बारीक विचारा. रात्री बोलवायला कोण यायचं, कंदील कोणाचा असायचा, नाल्याला पूर असला तर कसं जायची? घरात पाय टाकल्यावर पहिले कोणाकडे पाहायची, बाईकडे की सासूकडे? घरातून कोणाला बाहेर काढायची? हे काम कोणी शिकवलं, आईनं की सासूनं, अन् पहिल्यांदा एकटी गेली तेव्हा काय झालं? कोणत्या बाळंतपणात म्हटलं की हे माझ्या हातचं नाही, बैलगाडी जुंपा अन् न्या? लेकरं जगत नव्हती म्हणून उकंडा, कचरू, दगडू अशी नावं कोणाकोणाची ठेवली, ती माणसं आता कुठं आहेत?

अन् मुख्य म्हणजे तिला करून दाखवायला सांगा. हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून थोडं लांबवून सांगते. एका बुढीमायला मी विचारलं की नुसता पोटावर हात ठेवून बाळ कसं आहे ते कसं कळायचं. ती दोन वाक्यं बोलली अन् अडली. तिच्याकडे शब्दच नव्हते, कारण तिला कोणी शब्दांत शिकवलंच नव्हतं. मंग ती उठली, खाटेवरची गोधडी ओढली, तिच्यात एका टोकाला तांब्या घातला, गुंडाळी केली, वरून जुनं लुगडं टाकलं अन् माझे दोन्ही हात धरून त्यावर ठेवले. 'दाबू नको, निस्ता ठेव.' मी ठेवला तर काहीच कळेना. 'डोये मिट.' मिटले. तिनं माझा एक हात खाली सरकवला. टणक, गोल, हलवलं तर हलते, ते डोकं. वरच्या बाजूला मोठं पण मऊ, ते बूड. एका अंगानं सलग लागते ती पाठ, दुसऱ्या अंगानं उंचसखल लागते ते हातपाय. नर्सिंगच्या कोर्समध्येपण पोट तपासायला हेच क्रमानं शिकवतात, पण हिला ते तिच्या सासूनं असंच कशावर तरी हात ठेवून शिकवलं होतं. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये शब्द फार थोडे आहेत, पण मी सगळ्यात जास्त त्याच दिवशी शिकली.

तर पहिला सराव यातूनच घ्या. घरातली एक वस्तू घ्या, जिला रोज हात लागतो, वरवंटा, विळ्याची मूठ, आजीचा पानदान, काहीही. डोळे मिटून पाच-दहा मिनिटं हात ठेवा, दाबू नका. मंग लिहा किंवा कोळशानं, पेन्सिलनं काढा, पण नियम असा की डोळ्यांनी दिसणारी एकही गोष्ट त्यात यायची नाही, रंग नाही, आकाराचं नाव नाही. फक्त हाताला काय कळलं तेवढं. सुरुवातीला दोन ओळींत संपून जाईल. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू घ्या, तिसऱ्या दिवशीपण तीच. आठवड्यानं पाहा, जे वाक्य येईल ते तुम्ही कुठं वाचलेलं नसेल.

अडलं तर

दाया घाई करत नव्हत्या, निदान ज्या चांगल्या होत्या त्या. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, कंबर चोळायची, कोमट पाणी द्यायचं, बाईला उठवून बसवून चालवायचं अन् लक्ष ठेवायचं. 2018 च्या त्याच शिफारशींमध्ये असंही आहे की दर तासाला एवढं पुढं सरकलंच पाहिजे असा एकच आकडा सगळ्या बायांना लावून घाई करू नये. पण लक्ष ठेवायचं हा शब्द नीट ऐका, कारण तीच दाई एका क्षणी म्हणायची, आता थांबायचं नाही, गाडी आणा. वाट कुठवर पाहायची अन् हात कुठं जोडायचे, हे जिला कळायचं तिच्याच हातची लेकरं अन् मायबाया वाचायच्या.

तुमच्या कामातपण हे दोन्ही लागतं. कविता अडली की तिला ओढून ताणून यमक लावून संपवू नका, रोज फक्त तिच्याजवळ बसा, मोठ्यानं वाचा, एक शब्द हलवून पाहा, ठेवून द्या. अन् आधीच ठरवून ठेवा की कोणत्या खुणा दिसल्या की दुसऱ्याला दाखवायचं. माझ्या खुणा सांगते. तेच कडवं परत परत नव्यानं लिहून परत जुन्यावरच येऊन राहिली, किंवा जिच्याबद्दल लिहिते तिचंच नाव घ्यायला लाज वाटून राहिली, किंवा वाचताना दर वेळी एकाच ओळीवर आवाज खाली जातो. असं झालं की कागद उचलायचा अन् ज्या मैत्रिणीला खोटं बोलता येत नाही तिच्याकडे जायचं. अशी एक मैत्रीण आधीच बघून ठेवा, वेळेवर सापडत नाही.

अजून एक. बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, पेट्यांची कुलपं उघडायची, बाईचे केस मोकळे करायचे, हे देशाच्या बऱ्याच भागांतल्या दायांच्या रिवाजात नोंदलेलं आहे. मूल त्यानं येतं असं कोणी म्हणायची गरज नाही. पण घाबरलेल्या घराला करायला काहीतरी मिळायचं, सासू कुलपं उघडायला जायची, खोलीतली गर्दी कमी व्हायची, बाईला थोडा श्वास मिळायचा, असं मला वाटते. तुम्ही अडल्या की तेच करा. फोनमधले अर्धवट ड्राफ्ट, अर्धी शिवलेली पिशवी, जुन्या वह्या, सगळं बाहेर काढून खाटेवर पसरा अन् एका एका गोष्टीला हात लावा. त्या दिवशी नवीन काही करायचं नाही, फक्त उघडायचं.

पाचवीचा कागद

पाचव्या रात्री सटवाई येते अन् बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणून पाटा-वरवंट्याची पूजा होते अन् कोरा कागद अन् पेन ठेवतात, हे आपल्याला माहीतच आहे. कितीतरी बायांनी जन्मभर हातात पेन धरला नाही, पण लेकराच्या पाचवीला कोरा कागद न चुकता ठेवला. मला यातून सुचलेला सराव असा. कोणतंही काम सुरू केल्यावर पाचव्या दिवशी रात्री एक कोरा कागद घ्या अन् त्यावर कामाचं भविष्य लिहा, म्हणजे हे पूर्ण झाल्यावर कोण वाचेल, कोणाला राग येईल, कोणत्या घरात याची भीती वाटेल, माय काय म्हणेल. घडी करून ठेवून द्या. काम संपल्यावर उघडा. जिथं तुमचं चुकलं तिथंच पुढच्या कामाचा विषय असतो बहुतेक.

मायकूळ

आता हा सराव मला सगळ्यात जवळचा आहे. आपल्याकडे वंश बापाकडून चालतो, कुणब्या-तेल्यांत तसंच, गोंड-कोरकूंतपण कुळ बापाचंच. मेघालयात खासी लोकांत तसं नाही, तिथं कुळ आईचं लागतं अन् घर सगळ्यात धाकट्या पोरीकडे येतं. आपल्याकडे जमीन अन् आडनाव बापाच्या रेघेनं गेलं पण न्हाऊ घालायची रीत, पाळणे, शेक, टाके, दाईचं काम, हे आईकडून पोरीकडे अन् सासूकडून सुनेकडे गेलं, अन् त्याचा सातबारा कुठंच नाही. तो तुम्ही बनवायचा.

कागदाच्या खालच्या टोकाला तुमचं नाव लिहा. वर आईचं. त्याच्या वर आईच्या आईचं. मंग तिच्या आईचं. बहुतेक जणी इथंच अडतात, तिसऱ्या-चौथ्या नावाला, कारण लग्नात नाव बदललं अन् माहेरचं नाव घेणारं कोणी उरलं नाही. आता फोन लावा, मामाला, आजीच्या बहिणीला, दूरच्या मावशीला. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा, माहेर कोणतं गाव, तिच्या हाताला काय चांगलं जमायचं, अन् तिचं बाळंतपण कोणी केलं. तिसरा प्रश्न सोडू नका. त्यात एकदम दाईचं नाव येतं, जात येते, रस्ता येतो, दुष्काळाचं साल येतं. जिचं नाव सापडत नाही तिची जागा कोरीच ठेवा, मनानं नाव टाकू नका.

हे काही परदेशी फॅड नाही. रामटेकजवळचं नगरधन, तेच जुनं नंदिवर्धन, तिथून वाकाटकांचा कारभार पाहणारी राणी प्रभावतीगुप्ता सुमारे 1600 वर्षांपूर्वी होऊन गेली. नवरा गेल्यावर लहान पोरांच्या वतीनं तिनं राज्य चालवलं, अन् तिच्या ताम्रपटात सुरुवातीला सासरची वंशावळ नाही, माहेरच्या गुप्तांची आहे, अन् आपली आई नागकुळातली कुबेरनागा हेही तिनं कोरून घेतलं. सातवाहन राजे तर नावातच आईला घेऊन फिरायचे, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, गादी जरी बापाकडून पोराकडे जात होती तरी. अन् अगदी आत्ताचं बोलायचं तर 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं. तुमच्या आजीच्या आजीला मात्र ते मिळालं नव्हतं, म्हणून तुम्ही लिहायचं.

आता यातून वस्तू काय बनवायची

दुपटं शिवा, हे सगळ्यात सोपं अन् सगळ्यात टिकणारं. आजीचं जुनं सुती लुगडं घ्या, खूप धुतलेलं, बाळाला मऊ लागतं म्हणून दुपट्याला जुनंच कापड लागतं. साधारण एक मीटर चौरस तीन-चार थर करा, मधल्या थरावर पक्क्या धाग्यानं मायकुळातली नावं शिवा, वरून दिसणार नाहीत अशी. मंग एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करून काठाकाठानं फिरत आत आत या. टाके सारखे आले नाहीत तरी चालते. कोणाच्या बारशाला द्यायचं असेल तर गरम पाण्यात एकदा धुवून उन्हात वाळवून द्या.

पाळणा बांधायचा असेल तर त्याची बांधणी तयारच आहे. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी असं बाराव्या दिवसापर्यंत एकेक कडवं अन् शेवटी जो बाळा जो जो. आपल्याकडे राम-कृष्णाचे, शिवाजी महाराजांचे, बाबासाहेबांचे पाळणे म्हणतातच. तुम्ही दाईचा बांधा, पहिल्या दिवशी बोलावणं आलं, दुसऱ्या दिवशी काय, अन् बाराव्या दिवशी बारशाला तिला कुठं बसवलं. खरं तेच लिहा. भुलाबाईच्या महिन्यात, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, पोरी जमतातच, तेव्हा म्हणून पाहा, चाल लगेच बसते कारण अंगात असते.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या पोरींनो, तुमच्याकडे तर रंगभूमीच आहे. दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं चालतात, दंडार चालते. पंधरा मिनिटांचा एक प्रवेश लिहा, कंदील, पूर आलेला नाला, दाई अन् तिला बोलवायला आलेला माणूस, बस एवढंच. तो माणूस तिला रस्ताभर काय म्हणून हाक मारतो अन् परत येताना काय म्हणून, तेवढं लिहिलं तरी प्रवेश उभा राहतो. ज्यांना चित्र येतं त्यांनी अंगणवाडीची भिंत मागून घ्यावी, सरपंच बाई असली तर लवकर परवानगी मिळते.

नाव, पैसे अन् रेकॉर्डिंग

फोन सुरू करायच्या आधी विचारा, अन् काय करणार ते खरं सांगा. बाळंतपणाच्या गोष्टीत दुसऱ्या बायांची गुपितं असतात, कोणाचं मूल गेलं, कोणाचं लग्नाआधीचं होतं, ती नावं बदला नाहीतर काढूनच टाका, दाईनं सांगितली तरी. दाईचं स्वतःचं नाव मात्र ती हो म्हणाली तर मोठ्या अक्षरात टाका, 'एका आदिवासी वृद्धेनं सांगितलं' असं लिहू नका. पिसं लावून, ढोल वाजवून तिचा रील बनवू नका. पैसे मिळाले, बक्षीस मिळालं तर तिचा वाटा आधी काढा, अन् तो पायलीभर ज्वारीसारखा नको, हिशोबानं द्या.

काम पूर्ण झालं की पहिले तिलाच वाचून दाखवा. ती म्हणेल हे असं नोहोतं, तर तिथं बदला. ती म्हणेल हे काढ, तर काढा, कितीही चांगलं जमलेलं असलं तरी. रेकॉर्डिंगच्या फाइलला गावाचं नाव, तालुका, साल अन् बोलणारीचं नाव द्या, नुसतं 'ऑडिओ 14' ठेवलं तर वर्षभरानं तुम्हालाच कळणार नाही. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक तिच्या नातीच्या फोनमध्ये. अन् नातीला तेवढ्यातच सांगून ठेवा की फोन बदलला तर आधी ही फाइल काढून घे.